सरांच्या चिठ्ठ्या : एका स्मृतिग्रंथाच्या कामाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

आजपासून काम रीतसर सुरू. सर गेल्यानंतर त्यांच्या खोलीतली एकही वस्तू न हलवता ताईंनी (सरांच्या कन्या, आम्ही विद्यार्थी पहिल्यापासून ताईच म्हणतो) आम्हाला बोलावले, याचे मोल मोठे आहे. एरवी आधी कपाटे रिकामी होतात आणि मग आठवणी गोळा करायची हाक येते.

हाती असलेले साहित्य असे: चार कपाटे पुस्तके, दोन पिशव्या भरून पत्रे, पाठटाचणाच्या वह्या, आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांत उभ्या लावलेल्या चिठ्ठ्या. चिठ्ठ्यांत काय आहे ते ताईंनाही नीट ठाऊक नाही. "बाबा रात्री जेवणं झाली की ते खोकं घेऊन बसायचे," एवढेच त्या म्हणाल्या.

वाटणी: पुस्तकांची नोंद ग्रंथपाल मित्राकडे, अक्षरजुळणी आणि फाइली छापखाना चालवणाऱ्या मित्राकडे, पत्रव्यवहार ताईंकडे, संपादन माझ्याकडे. कोणाचे काय चालले आहे ते सगळ्यांना कळावे म्हणून ही नोंदवही.

सर मराठी आणि संस्कृत शिकवत. बोलत फार कमी. वर्गात आले की फळ्यावर एक वाक्य लिहून खिडकीपाशी उभे राहत; पहिला हात वर होईपर्यंत एक शब्द नाही. अशा माणसाचे पुस्तक दुसऱ्यांच्या भाषणांनी भरू नये, असे मी बैठकीत म्हणाले. ते सगळ्यांना पटले असे नाही. गौरवलेख मागवणारी पत्रे आधीच गेली आहेत.

१८ जानेवारी

पुस्तकांना हात लावण्याआधी प्रत्येक फळीचे फोटो काढले. ग्रंथपालांचा विचार ड्यूई पद्धतीने वर्गीकरण करण्याचा होता: मराठी भाषा ४९१.४६, मराठी साहित्य ८९१.४६, संस्कृत भाषा ४९१.२. ग्रंथालयासाठी तेच बरोबर. पण दुसऱ्या कपाटाची मधली फळी पाहताना ते स्वतःच थबकले.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या व्याकरणाची (पहिली आवृत्ती १८३६ ची) बांधून घेतलेली छायाप्रत. तिच्या उजवीकडे त्या व्याकरणाची कसून तपासणी करणारे कृष्णशास्त्री चिपळूणकरांचे निबंध. त्यांच्या उजवीकडे आधीच्या सगळ्यांचे मुद्दे पुन्हा तोलून पाहणारे मोरो केशव दामल्यांचे १९११ चे जाडजूड 'शास्त्रीय मराठी व्याकरण'. ज्याने ज्याची उलटतपासणी केली तो त्याच्या उजव्या हाताला! संस्कृतच्या फळीवरही बऱ्याच अंशी हाच क्रम. सरांनी वाचनाचा इतिहास कुठे लिहिलेला नाही, पण तो त्यांनी असा लावून ठेवलेला आहे. विषयवार क्रमांक घालून पुस्तके इकडची तिकडे केली असती तर तो एका दुपारीत पुसला गेला असता.

कोश मात्र या क्रमात नाहीत. मोल्सवर्थ (१८५७ ची दुसरी आवृत्ती, १९७५ चे पुनर्मुद्रण) आणि दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड खुर्चीत बसल्या बसल्या हात पोचेल असे ठेवलेले. शब्दकोशाच्या चौथ्या खंडाची पाठ सुटली आहे आणि ती शिवणकामाच्या दोऱ्याने पुन्हा शिवलेली आहे, अगदी सरळ टाक्यांत.

निर्णय: कपाट, फळी, स्थान असा क्रमांक मुख्य. ड्यूई क्रमांक वेगळ्या रकान्यात. कोणतेही पुस्तक जागेवरून उचलले तर त्या जागी कागदाची पट्टी ठेवायची.

२ फेब्रुवारी

गौरवलेख येऊ लागले. व्यासंगी, ऋजू, मितभाषी, साक्षेपी, निगर्वी. सगळे खरे आहे. पण लेखाखालचे नाव झाकले तर कोणी कोणता लिहिला ते सांगता येत नाही, आणि सरांचे नाव झाकले तर तो कोणत्याही चांगल्या शिक्षकाला लागू पडतो. ज्यांनी लिहिले त्यांचे प्रेम खोटे नाही. आपल्याकडे गेलेल्या माणसाबद्दल लिहायची एक ठरलेली भाषा आहे, तिच्यात शिरले की हात आपोआप चालतो.

लेखकांना पत्र पाठवले. लेख परत केला नाही, फक्त काही प्रश्न विचारले. सरांनी तुमच्या वहीत काय लिहिले होते, शब्द आठवतात का? त्यांनी तुम्हाला कोणते पुस्तक दिले, तुम्ही ते परत केले का? शाळा सुटल्यानंतर कधी भेटलात, तेव्हा काय बोलणे झाले? त्यांनी एखाद्या प्रश्नाला 'माहीत नाही' म्हटलेले आठवते का? "सर कसे होते?" असे विचारले की विशेषणे येतात. "सरांनी काय केले?" असे विचारले की माणूस आठवायला लागतो.

छापखान्याच्या मित्राला भीती की लेखक दुखावतील. दोघांनी तसे कळवलेही. तरी पत्र जायलाच हवे होते, असे माझे मत कायम आहे.

९ फेब्रुवारी

चिठ्ठ्यांचे पहिले खोके उघडले. आजची नोंद लांबणार.

या विद्यार्थ्यांच्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या आहेत. वापरून झालेल्या उत्तरपत्रिकांचे कोरे अर्धे भाग हाताने फाडून, कडा दुमडून केलेल्या. डाव्या कोपऱ्यात इयत्ता आणि तुकडी, उजव्या कोपऱ्यात तारीख, मधे प्रश्न, विद्यार्थ्याच्याच शब्दांत. त्याखाली उत्तर. उत्तर नसेल तिथे एकच शब्द: 'पाहणे'. विद्यार्थ्याचे नाव मागच्या बाजूला, पेन्सिलीने.

वर्गात एखाद्याने प्रश्न विचारला की सर "बघू" म्हणत आणि पुढे जात. आम्हाला वाटे, विषय संपला. तो इथे सुरू होत होता.

एक चिठ्ठी पूर्ण उतरवते. दहावी अ. प्रश्न: "'मला हे गाणे आवडते.' आवड माझी आहे, गाण्याची नाही. मग कर्ता 'गाणे' कसा?" खाली निळ्या-काळ्या शाईत: "क्रियापद कोणाप्रमाणे बदलते ते पाहावे. गाणे आवडते, गाणी आवडतात. म्हणून कर्ता गाणे. मुलीचे समाधान झाले नाही. माझेही नाही. पाहणे."

त्याखाली रेघ, आणि वेगळ्या शाईत: "पाणिनी १.४.३३, रुच्यर्थानां प्रीयमाणः। ज्याला आवडते तो संप्रदान. काशिकेतले उदाहरण: देवदत्ताय रोचते मोदकः। इथेही ज्याला आवडते तो कर्ता नाहीच. अडचण जुनी आहे, उत्तर नव्हे." (संप्रदान म्हणजे ज्याला काही दिले जाते तो, चतुर्थीचा; काशिका म्हणजे पाणिनीच्या सूत्रांवरची जुनी टीका.)

मग पुन्हा रेघ. या वेळी बॉलपेन, आणि अक्षर थोडे मोठे झालेले: "'त्याने आपली खोली झाडली.' आपली म्हणजे त्याची. 'आपला' एरवी कर्त्याकडे वळतो. आता: 'त्याला आपली खोली आवडते.' इथेही आपली म्हणजे त्याची. तेव्हा क्रियापद 'खोली'च्या मागे जात असले तरी कर्त्याचे एक काम 'त्याला' करतो आहे. एकाच शब्दाने कर्त्याची सगळी कामे केली पाहिजेत हे आपण धरून चाललो होतो. मुलीला कळवणे."

शेवटच्या दोन शब्दांपुढे बरोबरची खूण.

हा प्रश्न भाषाशास्त्रज्ञांनी पुष्कळ चर्चिलेला आहे. सर त्या चर्चेत कधी उतरले नाहीत, त्यांनी एक लेखही छापला नाही. पण पाठ्यपुस्तकातले उत्तर मुलीला पुरले नाही म्हणून ते स्वतःलाही पुरू द्यायचे नाही, असे त्यांनी ठरवलेले दिसते. मला तरी स्मृतिग्रंथासाठी याहून मोठी गोष्ट सापडायची नाही.

१० फेब्रुवारी

अनेक चिठ्ठ्या टाचण्यांनी जोडलेल्या आणि टाचण्या गंजलेल्या. टाचणी ओढून काढायची नाही. कागद सपाट धरून, गंज चिकटलेल्या जागी पातळ प्लॅस्टिकची पट्टी सरकवून आधी मोकळी करायची, मग काढायची. जुडगा सुटू नये म्हणून त्याच क्रमाने आम्लरहित कागदाच्या घडीत. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद स्वतःतल्या आम्लानेच पिवळा आणि ठिसूळ होतो, आणि उत्तरपत्रिका त्याच कागदाच्या. दुमडलेल्या कडा सरळ करू नयेत, तिथेच तुकडा पडतो.

२२ फेब्रुवारी

स्कॅनिंगचे ठरले. ४०० डीपीआय, रंगीत, मूळ फाइल टिफमध्ये, वाचायला पीडीएफ. करड्या छटेत केले तर फाइली लहान होतील, पण शाईतला फरक जाईल, आणि या चिठ्ठ्यांचा सगळा कालक्रम शाईतच आहे. दोन्ही बाजू घ्यायच्या, मागे काही नसले तरी. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक प्रत दुसऱ्या घरी.

२ मार्च

तारीख नसलेल्या किंवा फाटून गेलेल्या चिठ्ठ्यांचे काय करायचे, याचा एक मार्ग मिळाला. काहींत 'नाहीं', 'कां', 'घरांत', 'मुलें' असे अनुस्वार आहेत, काहींत नाहीत. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने १९६२ मध्ये मान्य केले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. (१९७२ मध्ये चार नियमांची भर पडून ते अठरा झाले.) सरांचे शिक्षण अनुस्वारांच्या काळातले, नोकरीचा बराचसा काळ नंतरचा. तारखा असलेल्या चिठ्ठ्या ओळीने लावल्या तर हात बदलताना दिसतो: आधी 'नाहीं' जाते, 'कां' बराच काळ रेंगाळते. एका चिठ्ठीत 'कां'वरचा ठिपका लिहून खोडलेला आहे. म्हणजे तारखेच्या चिठ्ठ्यांवरून बिनतारखेच्यांचा अदमास बांधता येतो. अदमासच, छापताना तसे स्पष्ट लिहायचे.

यावरून आमच्यात वाद झाला. जुनी चिठ्ठी छापताना अनुस्वार ठेवायचे की काढायचे? नियमांप्रमाणे केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य मूळाबरहुकूम छापायचे, त्यानंतरचे चालू नियमांप्रमाणे. या न्यायाने सरांचे अनुस्वार काढायला हवेत, आणि सर नियम पाळणारे होते. पण हे पाठ्यपुस्तक नाही. इथे लेखनातला बदल हाच त्यांच्या आयुष्याचा दाखला आहे. ज्या शिक्षकाने वर्षानुवर्षे मुलांना एक लेखन शिकवले आणि मग त्याच हाताने दुसरे शिकवायला घेतले, त्याला ते किती जड गेले असेल हे त्या खोडलेल्या ठिपक्यात दिसते. अनुस्वार राहतील.

१५ मार्च

छापखान्याच्या मित्राने टेसरॅक्ट (स्कॅनमधली अक्षरे ओळखून मजकूर करून देणारी संगणकप्रणाली) चालवून पाहिले. छापील मराठीवर ते बरे काम करते, पाठटाचणाच्या वह्यांतल्या चिकटवलेल्या कात्रणांसाठी वापरू. हस्ताक्षरावर निरुपयोगी. त्यातही सरांची पेन्सिलीची टिंबे कुठे अनुस्वार होऊन बसतात, कुठे विसर्गाचा अर्धा भाग. चिठ्ठ्या हातानेच टंकित करायच्या. एकाने करायच्या, दुसऱ्याने मूळ समोर ठेवून वाचून दाखवायच्या. वेळ लागेल. लागू दे.

२९ मार्च

जुन्या विद्यार्थ्यांच्या वह्या येऊ लागल्या. इतकी वर्षे लोकांनी त्या जपून ठेवल्या आहेत हेच मोठे आहे.

सरांची तपासण्याची पद्धत बहुतेकांच्या आठवणीत आहे, पण वह्या शेजारी शेजारी ठेवल्यावर ती नीट कळली. लाल शाई नाही, चुकीच्या शब्दावर फुली नाही. ज्या ओळीत चूक आहे तिच्यासमोर समासात पेन्सिलीचा एक ठिपका. चूक कुठली ते विद्यार्थ्याने शोधायचे, दुरुस्त करायचे आणि वही पुन्हा द्यायची. बरोबर सापडली की सर त्या ठिपक्यातून बारीक आडवी रेघ ओढत. चुकीचीच गोष्ट दुरुस्त केली असेल तर ठिपका तसाच. चांगल्या वाक्यासमोर उभी रेघ, तीही पेन्सिलीची. शेरा क्वचित.

एका वहीत एका ओळीसमोरचा ठिपका रेघेशिवाय राहिला आहे. वही आणून देणारे गृहस्थ आता स्वतः निवृत्त झाले आहेत. ओळीवर बोट ठेवून ते म्हणाले, "यात काय चुकलंय ते मला अजून सापडलेलं नाही. सरांना विचारायचं राहून गेलं." मी आणि ग्रंथपालांनी ओळ पुन्हा पुन्हा वाचली. ओळ अशी: "पाऊस थांबताच आम्ही निघालो असताना तो पुन्हा आला." माझ्या मते 'थांबताच' आणि 'असताना' या दोन काळांची सांगड बसत नाही. ग्रंथपालांच्या मते 'तो' कोण हा प्रश्न आहे. ओळ आणि ठिपका दोन्ही छापणार, आमची मते छापणार नाही.

५ एप्रिल

दोन मुलाखती, एकाच वर्गातल्या दोघांच्या, एकाच तासाबद्दल. जुळत नाहीत.

नव्याने आलेल्या एका मुलाने उभे राहून सांगितले, "म्या पुस्तक वाचलं." वर्ग हसला. इथपर्यंत दोघेही सारखेच सांगतात. पहिले म्हणतात की सरांनी टेबलावर हात आपटला, आयुष्यात त्यांना रागावलेले तेवढे एकदाच पाहिले. दुसऱ्या म्हणतात की सर रागावले वगैरे काही नाहीत; ते वळले आणि फळ्यावर दोन वाक्ये लिहिली, 'त्याने पुस्तक वाचले' आणि 'मी पुस्तक वाचले', आणि विचारले, त्याला 'ने' लागतो, मग तुम्हाला का लागत नाही? कोणाला सांगता येईना. मग त्यांनी 'मी' पुसून तिथे 'म्यां' लिहिले. हे 'मी'चे तृतीयेचे रूप, जुन्या पुस्तकांत सर्रास येणारे. प्रमाण बोलीतून ते गेले आणि पहिल्या विभक्तीचे रूप त्याच्या जागी बसले. या मुलाच्या घरी ते टिकले आहे. एवढे सांगून पुढचा धडा.

त्या मुलाचा शोध लागला नाही. चिठ्ठी मात्र आहे. आठवी क. जिथे प्रश्न असतो तिथे लिहिले आहे: "प्रश्न कोणी विचारला नाही. वर्ग हसला, तोच प्रश्न." खाली 'म्यां'चे दाखले, पृष्ठांकांसह. टेबलाचा उल्लेख नाही.

सरांनी हात आपटला की नाही हे आम्ही ठरवायचे नाही. दोन्ही आठवणी समोरासमोरच्या पानांवर, मधे चिठ्ठी. ताईंना टेबलाची आठवण वगळावी असे वाटत होते, बाबांच्या स्वभावात ते बसत नाही म्हणून. मी म्हटले, ताई, स्वभावात न बसणारी एखादी गोष्ट माणसाने त्याच मुलासाठी केली असेल तर ती ठेवलीच पाहिजे. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ठेवा.

१३ एप्रिल

पत्रे. इथे कायद्याची बाजू नीट पाहावी लागली. पत्राचा कागद ज्याला पत्र आले त्याचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे आपल्याकडे हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे राहतो. म्हणून सरांनी विद्यार्थ्यांना लिहिलेली पत्रे छापायला ताईंची परवानगी लागते, ती आहे. सरांना आलेली पत्रे आपल्या ताब्यात असली तरी छापायला लिहिणाऱ्यांची किंवा त्यांच्या वारसांची परवानगी हवी. शिवाय त्यांत लोकांची खासगी दुःखे आहेत. नोकरी गेलेली, लग्न मोडलेले, कोणी तरी गेलेले. आपल्या शिक्षकाला ती लिहिली होती, आम्हाला नव्हे. कायद्याने चालत असते तरी ती छापू नयेत. अशी पत्रे मी पूर्ण वाचतही नाही. पहिल्या दोन ओळींत कल्पना येते, मग पाकीट बंद आणि ताईंकडे परत.

सरांची पत्रे बहुतेक पोस्टकार्डे. मायना, एक पुस्तक किंवा एक संदर्भ, 'लोभ असावा', सही.

२७ एप्रिल

'मला हे गाणे आवडते' विचारणाऱ्या बाईंचा पत्ता लागला. चिठ्ठीमागचे नाव माहेरचे होते, त्यामुळे वेळ गेला. फोनवर मी प्रश्न वाचून दाखवला. त्यांना तो विचारल्याचे अजिबात आठवत नव्हते! पोस्टकार्ड मात्र आठवत होते. शाळा सोडून बरीच वर्षे झाल्यावर, नोकरीच्या धावपळीत, एक दिवस सरांचे कार्ड आले: "तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी तेव्हा अपुरे दिले होते." मग 'आपली खोली'चा सगळा युक्तिवाद, पोस्टकार्डात मावेल इतक्या बारीक अक्षरात. सर शाळेत त्यांना 'तू' म्हणत, कार्डात 'तुम्ही'.

त्यांनी ते जपून ठेवले आहे. व्याकरणासाठी नाही, असे त्या म्हणाल्या. "तेव्हा ऑफिसात माझ्या म्हणण्याकडे कोणी लक्ष देत नव्हतं. आणि इथे एक माणूस मी पंधराव्या वर्षी काय म्हटलं त्यावर इतकी वर्षं विचार करतोय."

स्कॅन पाठवतील. चिठ्ठी आणि कार्ड एकत्र छापायचे.

१८ मे

रचनेची बैठक. बरीच तापली, पण निकाल लागला.

छापखान्याच्या मित्राचा मुद्दा रास्त होता: अपरिचित वाचक पुस्तक उघडेल तर त्याला आधी माणूस कळला पाहिजे, थेट व्याकरणाच्या चिठ्ठ्या कशा वाचेल? मी म्हटले, माणूस चिठ्ठ्यांतूनच कळतो, आणि मराठी बोलणाऱ्या कोणालाही 'मला आवडते'मधला कर्ता कोण हे कोडे पडू शकते. शेवटी ग्रंथपालांनी तोड काढली. सुरुवातीला ताईंनी सांगितलेले साधे चरित्र, चार पाने, विशेषणाशिवाय. मग चिठ्ठ्या, प्रत्येकीसोबत तिच्याशी जोडलेली आठवण, वहीचे पान किंवा पत्र असेल तर ते. मग कपाटांची यादी, फळीच्या क्रमाने. गौरवलेख वेगळे नाहीत. त्यांतले प्रसंग वेचून त्या त्या चिठ्ठीपाशी, लेखकाच्या नावासह.

माझ्या पत्रानंतर बहुतेक लेखकांनी नव्याने लिहून पाठवले आहे. दुखावलेल्या दोघांपैकी एकांचे सगळ्यात चांगले आहे. सरांनी त्यांना उसने दिलेले पुस्तक त्यांनी परत केले नव्हते. सरांच्या उसनवारीच्या वहीत त्या पुस्तकापुढे लिहिले आहे: 'त्यांच्याकडे उपयोगात आहे.'

८ जून

सूची. संगणकाने केलेला अकारविल्हे तसाच घेता येत नाही. युनिकोडमध्ये ळ हा ल नंतर आणि व आधी येतो, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. क्ष आणि ज्ञ ही जोडाक्षरे म्हणून क आणि ज मध्ये जातात, शाळेच्या वर्णमालेत ती शेवटी. सरांच्या चिठ्ठ्यांच्या खोक्यांतले विभाग शाळेच्या क्रमाने आहेत: ह, ळ, क्ष, ज्ञ. सूचीही तशीच. हाताने फिरवून घेतली.

२९ जून

प्रुफे. 'दऱ्या' आणि 'दर्या' एका टंकात सारखेच उमटत होते, टंक बदलला. पाणिनीच्या सूत्रांतले अवग्रह आणि विसर्ग तपासून झाले. चिठ्ठ्यांतले अनुस्वार प्रुफे वाचणाऱ्याने 'शुद्ध' करून टाकले होते. सगळे परत घातले, आणि पहिल्याच पानावर सूचना टाकली की चिठ्ठ्यांतील लेखन मुळानुसार आहे.

'पाहणे' लिहिलेल्या आणि उत्तर न मिळालेल्या चिठ्ठ्यांचे काय, असा प्रश्न आला. त्या मोजक्या नाहीत. उत्तरे आपण द्यायची का? ग्रंथपाल म्हणाले, काहींची उत्तरे आज कोणत्याही व्याकरणात मिळतात. खरे आहे, पण ती सरांची नसतील. त्या आहेत तशा छापायच्या, बाकीच्यांच्या मधेच, वेगळा विभाग न करता.

१३ जुलै

छपाईला फाइली गेल्या. उरलेले निर्णय:

मूळ चिठ्ठ्या ताईंकडे, त्याच खोक्यांत, आता आम्लरहित कागदाच्या घड्यांसह. पुस्तके दोन वर्षे आहेत त्या क्रमाने राहतील. नंतर जे ग्रंथालय फळीचा क्रम जपायला तयार असेल त्याला. एकाने क्रम मोडून घेण्याची तयारी दाखवली, त्यांना ताईंनी नम्रपणे नकार कळवला.

चिठ्ठ्यांचे स्कॅन अभ्यासासाठी मागेल त्याला द्यायचे, मागच्या बाजूची नावे झाकून. ज्या विद्यार्थ्यांनी स्वतः होकार दिला तेवढीच नावे पुस्तकात. वह्या ज्यांच्या त्यांना परत. पोचपावत्यांची फाइल माझ्याकडे. परवानगी न आलेली पत्रे छापलेली नाहीत आणि त्यांचे स्कॅनही ठेवलेले नाहीत.

पाठटाचणाच्या वह्यांचे काम या पुस्तकात बसले नाही. फळ्यावर लिहायचे ते पहिले वाक्य प्रत्येक तासासाठी त्यांत आधी लिहिलेले आहे, कधी कधी पाच-सहा वेळा खोडून. ग्रंथपाल आणि मी पावसाळ्यानंतर त्या घेऊन बसणार आहोत.